ह्यांचं मिग आणि वन्संचा प्रश्न



मागच्या वेळी लोणच्याच्या बरण्यांबद्दल लिहिलं, तेव्हा दोघीतिघींनी विचारलं होतं, की फोटोत मागे ते विमान कसलं दिसतंय? तेव्हा उत्तर द्यायचं टाळलं, कारण घरात त्याच विमानावरून थोडा वाद चालू होता. आता लिहिते. वाद मिटला आहे असं नाही, पण विमान पूर्ण झालं आहे.

आधी माझं मत सांगून टाकते. कुणी साठी उलटल्यावर प्लास्टिकचं लढाऊ विमान जोडत, घासत, रंगवत बसलं, तर त्याला रिकामटेकडेपणा म्हणू नये. आणि लगेच देशभक्तीचा टिळाही लावू नये. आमच्याकडे दोन्ही झालं. शेजारचे म्हणाले, "काकांना वेळ जात नाही वाटतं." पुण्याच्या व्याह्यांनी फोटो बघून तीन झेंडे आणि सॅल्यूट पाठवला. मला दोन्ही पटलं नाही.

आमच्या ह्यांनी ओझरला एचएएलमध्ये सगळी नोकरी केली, हे तुमच्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊक आहे. मी 1981 ची बी.कॉम., माहेर सांगली. लग्न होऊन टाउनशिपमध्ये आले तेव्हा तिथे मिग-21 चं बिस हे नवं रूप तयार होत होतं. ओझरचा कारखाना 1964 चा. तिथे आधी मिग-21 एफएल, मग एम आणि मग बिस बनली. हे स्ट्रक्चरच्या शॉपमध्ये होते. पाठीचा भाग, म्हणजे वैमानिकाच्या मागून शेपटीपर्यंत जाणारा लांब उंचवटा, त्यावर रिव्हेट मारायचं काम कितीतरी वर्षं ह्यांच्या हातून झालं. घरी आले की बोटांना ॲल्युमिनियमचा वास यायचा. साबणानेही तो जात नसे.

मागच्या जानेवारीत मुलाने ह्यांच्या वाढदिवसाला एक मोठा खोका पाठवला. ट्रम्पीटर कंपनीचा मिग-21 एमएफ, 1/32 मापाचा. माप म्हणजे काय हे मला हिशेबात बसवल्याशिवाय कळत नाही. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा 7.15 मीटर. भागिले 32, म्हणजे साधारण 22 सेंटिमीटर. नाकावरच्या सुईसकट लांबी मात्र अर्ध्या मीटरच्या जवळ जाते. एवढं लांब, बारीक, इवल्या पंखांचं यंत्र आकाशात उडतं कसं, असं मला टाउनशिपमध्येही वाटायचं. आता ते जेवणाच्या टेबलावर आलं.

खोका उघडल्यावर ह्यांचा चेहरा पडला. मुलाला वाटलं, मिग-21 म्हणजे मिग-21. पण एमएफ वेगळं आणि बिस वेगळं. बिसचं इंजिन जास्त ताकदीचं, आर-25. आणि पाठ जास्त फुगीर, कारण पाठीतल्या टाकीत जास्त इंधन मावायचं. बाहेरच्या माणसाला फरक दिसणारही नाही. ह्यांना दिसला, कारण ती पाठ ह्यांची. मी म्हटलं, "अहो, एमएफ तर एमएफ. मुलाने हौसेने पाठवलंय." हे काहीच बोलले नाहीत. आठ दिवसांनी बघते तर दोन्ही अर्धुकं हातात घेऊन पेन्सिलीने पाठीवर रेघा मारत बसलेले. एमएफचं बिस करायचं ठरलं होतं.

अशा बदलाला ह्या छंदातली मंडळी कन्व्हर्शन म्हणतात. आपल्या भाषेत, जुन्या साडीचा परकर-पोलका. कापड तेच, बेत नवा, आणि कापताना हात कचरला तर दोन्ही गेलं.

ह्यांनी मूळची पाठ तशीच ठेवून तिच्यावर ठरावीक अंतराने पातळ प्लास्टिक शीटच्या कमानी उभ्या चिकटवल्या. प्रत्येक कमान म्हणजे त्या जागी पाठ किती उंच आणि किती गोल हवी त्याचा छेद. खऱ्या विमानात हाताला जाणवणारा फरक 32 ने भागल्यावर काही मिलिमीटरच उरतो, तेव्हा कमान केसभर चुकली तरी गोलाई बिघडते. कमानींमधल्या खाचांत एपॉक्सी पुट्टी भरायची. ही पुट्टी दोन रंगांच्या दोन पट्ट्यांत येते, सारखी सारखी घेऊन एकजीव मळायची, रंगाची एकही रेघ दिसता कामा नये. ह्यांना मळता येईना. चाळीस वर्षांच्या पोळ्यांचा अनुभव तिथे माझ्या कामी आला. हातमोजे घालून मी मळून द्यायचे, हे भरायचे. दुसऱ्या दिवशी ती दगडासारखी होते. मग घासायचं, कमानींच्या कडा लागेपर्यंत. आधी 400 चा कागद, मग 600, मग 1000, तोही पाण्यात भिजवून, म्हणजे धूळ नाकात जात नाही.

जोडायचा गोंद आपल्या ओळखीचा नव्हे. तो पातळ द्राव प्लास्टिकच्या कडा विरघळवतो आणि दोन्ही तुकडे एक होतात, वेल्डिंगसारखे. म्हणून चूक झाली तर उकलत नाही. हे मला आवडलं आणि भीतीही वाटली.

पाठीत एवढी पुट्टी भरल्यावर विमान मागे जड झालं. तीन चाकांवर उभं केलं की नाक वर, शेपटी टेबलावर. नाकात वजन घालायला हवं होतं. मिगच्या नाकाच्या तोंडात एक शंकू असतो, खऱ्या विमानात रडारचा. मॉडेलचा शंकू पोकळ, त्यात शिसं भरायचं. व्हिडिओत सगळे सांगतात, मासेमारीच्या गळाचं शिसं आणा. हे पिशवी घेऊन निघालेच होते. मी दारात अडवलं. आपण गळाच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून जायचं? शेवटी टायरवाल्याकडून चाकाच्या बॅलन्सिंगचे जुने तुकडे आणले, ते बारीक कापून शंकूत बसवले. काम तेवढंच झालं.

ब्रशचंही तसंच. बारीक कामाला सगळे कोलिन्स्की सेबलचा ब्रश वाखाणतात. विचारल्यावर कळलं, ते एका जातीच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीचे केस. दुकानदार म्हणाला, काकी, ह्याची सर कशालाच नाही. नसू दे. नायलॉनचे ब्रश आणले. टोक लवकर वाकतं हे खरं, पण वैमानिकाच्या काचेची चौकट त्याच ब्रशने रंगवली आहे आणि ती सरळ आहे.

पावसाळ्यात काम थांबलं. चातुर्मास म्हणून नव्हे, तर दमट हवेत लॅकरचा रंग पांढुरका पडतो म्हणून. भाद्रपदात दशलक्षण पर्वाला वन्सं आल्या, तेव्हा विमान रंगाविना, पाठीवर पुट्टीचे डाग घेऊन कपाटावर होतं. शेजारी खोक्यातली रॉकेटं, क्षेपणास्त्रं आणि बॉम्ब असलेली प्लास्टिकची चौकट.

वन्संनी पाहिलं. दोन दिवस काही बोलल्या नाहीत. उत्तम क्षमेच्या दिवशी बोलायचं नाही असं ठरवलं असावं. तिसऱ्या दिवशी विचारलं, "वहिनी, तुम्हाला पिठाचा कोंबडा आठवत नाही का?"

नव्या वाचकांसाठी सांगते. यशोधर राजाची कथा आपल्याकडे फार जुनी, दहाव्या शतकातल्या सोमदेवसूरींच्या यशस्तिलकात ती विस्ताराने आहे. राजा आईला वाईट स्वप्न पडल्याचं सांगतो. आई चंद्रमती म्हणते, देवीला बळी दे. राजा जीव मारायला तयार नसतो. मग आईच्या आग्रहाने पिठाचा कोंबडा करतात आणि तो बळी म्हणून कापतात. रक्ताचा थेंब नाही, पण मारण्याचा संकल्प झाला. त्या एका संकल्पापायी दोघांना किती पशुयोनींत फिरावं लागलं, ते लहानपणी पाठशाळेत ऐकताना अंगावर काटा यायचा. वन्संचं म्हणणं, पिठाचा कोंबडा जर हिंसा, तर प्लास्टिकचं क्षेपणास्त्र काय? शिवाय अनर्थदंड आहेच, विनाकारण हिंसेची साधनं बाळगणं.

रागावून उडवून लावण्यासारखा हा प्रश्न नव्हता. वन्सं शिकलेल्या आहेत, आणि त्यांचा धर्म कुणाला दुखवण्यासाठी नसतो. मी रात्रभर विचार केला.

आपल्याकडे गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची. बाकीच्या तीन गृहस्थाला पूर्ण सुटत नाहीत, त्या जपून, कमी कमी करत जगायचं. श्रवणबेळगोळला बाहुबलींची मूर्ती उभी करवणारे चामुंडराय गंगांचे सेनापती होते. तेव्हा लढाऊ विमान म्हटलं की लगेच जैन घराच्या बाहेर, असा सरळ हिशेब मला मान्य नाही. ह्यांच्या पगारावर आमचं घर चाललं, मुलं शिकली, मंदिराला देणगी गेली. तो पगार मिगचाच होता. नोकरीत चाललं आणि मॉडेलमध्ये चालत नाही, असं म्हणणं मला सोयीचं वाटतं.

पण वन्संच्या कथेतला दुसरा अर्धा भाग मला टाळता येईना. राजाने कोंबडा केला म्हणून पाप लागलं नाही, त्याने तो मारण्याच्या बुद्धीने केला आणि कापला म्हणून लागलं. म्हणजे प्रश्न वस्तूचा नाही, ती हातात घेताना मनात काय आहे ह्याचा आहे. मग मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे सात महिने पाठीची गोलाई शोधत होते. शत्रू, पाडणं, जिंकणं, ह्यातला एक शब्द तोंडातून आला नव्हता. मग नातवाकडे पाहिलं. मे महिन्यात तो आला होता, आठ वर्षांचा. रॉकेटांची चौकट हातात घेऊन घरभर "ढिशुम, पाच मेले" करत फिरत होता. अभिनंदन वर्धमान ह्यांनी 2019 मध्ये मिग-21 बायसन उडवलं होतं हे त्याला पाठ आहे, आणि आजोबांनी त्यांचंच विमान करावं हा त्याचा हट्ट. पोरच ते. पण तिथे संकल्प आहे, खोटा का होईना. पिठाचा कोंबडा असेल तर तो तिथे.

म्हणून मी म्हटलं, विमान करा, पण पंखांखाली काही लावू नका. हे चटकन तयार झाले आणि कारणही धर्माचं दिलं नाही. म्हणाले, "ओझरच्या गेटातून विमान जायचं तेव्हा पंखांखाली कुठे काय असायचं? मी कधी पाहिलंच नाही." खरं आहे. ह्यांच्यासाठी विमान तेवढंच, शॉपपासून धावपट्टीपर्यंत.

इथे सगळं जुळलं असतं तर बरं झालं असतं. पण बिसच्या पोटाखाली जीएसएच-23 नावाची दोन नळ्यांची तोफ बसवलेलीच असते. ती टांगलेली नव्हे, अंगातलीच. ती काढली तर ते बिस उरत नाही. वन्संनी वाकून पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. तोफ आहे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. टाउनशिपमध्ये आम्ही बायका पेपर पुरुषांच्या आधी वाचायचो, त्याचं कारण होतं. मिग पडल्याची बातमी असली की पेपर घडी घालून बाजूला ठेवायचा, निदान डबा नेईपर्यंत. आपल्या हवाई दलात आठशेहून अधिक मिग-21 आली. अपघात इतके झाले, की लोक त्याला उडती शवपेटी म्हणू लागले. 2001 साली सुरतगढला फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले, तेव्हा त्यांच्या आई कविताताई मुलाच्या नावासाठी आणि बाकीच्या मुलांच्या सुरक्षेसाठी वर्षानुवर्षं झगडल्या. त्यांची मुलाखत टीव्हीवर लागली तेव्हा हे उठून गॅलरीत गेले. ताटात भात तसाच. ह्यांनी कधी तोंडाने म्हटलं नाही, पण मला माहीत होतं, मनात एकच चाललेलं असायचं: त्या विमानाची पाठ कुणी केली होती? अपघाताला शंभर कारणं असतात, इंजिन, पक्षी, वय, हवा, माणूस. रिव्हेट मारणाऱ्याला ती शंभर दिसत नाहीत. त्याला आपला हात दिसतो.

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला, तो कार्यक्रम आम्ही दोघांनी पाहिला. 1963 साली ती जिथे दाखल झाली होती तिथेच. शेवटचं विमान उतरलं, त्याच्यावर पाण्याचे फवारे उडवले. हे म्हणाले, "आता कुणी पडणार नाही." बासष्ट वर्षांच्या कौतुकाचं भाषण चालू होतं आणि ह्यांचं वाक्य हे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठ पुन्हा घासायला घेतली.

माझी एक मैत्रीण म्हणाली, हे ह्यांचं प्रतिक्रमणच झालं. मी तसं म्हणणार नाही. प्रतिक्रमण झालेल्या दोषाचं असतं, आणि ह्यांचा दोष होता असं मी कशावरून धरू? नीट केलेलं काम एकदा डोळ्यांसमोर असावं, सगळीकडून फिरवून बघता यावं, एवढंच असेल. तेवढं पुरेसं कारण आहे.

रंगाचं सांगायचं राहिलं. आधी प्रायमर, राखाडी रंगाचा एक हात. प्रायमर म्हणजे ऑडिटर. उघड्या डोळ्यांना गुळगुळीत वाटणाऱ्या पाठीवर त्याने अकरा ओरखडे आणि एक खड्डा दाखवला. पुन्हा पुट्टी, पुन्हा कागद, पुन्हा प्रायमर. तीनदा. मग फिकट राखाडी, एअरब्रशने, दुधाइतका पातळ करून. ह्यात एक गंमत कळली. खऱ्या विमानाचा रंग जसाच्या तसा लावला तर एवढ्याशा वस्तूवर तो गडद वाटतो, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळावा लागतो. कॉकपिट आतून निळसर हिरवं, ते रशियन खास. चाकांच्या तबकड्या झगझगीत हिरव्या. खोक्यातल्या चिन्हांच्या चकत्या परदेशी होत्या, आपली वर्तुळं वेगळी मागवली. बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. कोमट पाण्यात भिजवून ती कागदावरून विमानावर सरकवायची. मी पाणी गाळून दिलं. हे हसले, पण त्याच पाण्यात केलं.

रात्री रंग लावायचा नाही हा माझा नियम. दिव्यावर किडे येतात आणि ओल्या रंगात अडकतात. पहिल्याच रात्री एक चिलट पंखावर चिकटलं. ह्यांनी चिमट्याने काढलं, पण ते वाचलं नाही. तेव्हापासून सूर्यास्तानंतर एअरब्रश बंद. रंगही जास्त स्वच्छ येतो हे ह्यांना नंतर पटलं.

शेवटी विमान मळवायचं. हो, मुद्दाम. पातळ काळपट रंग पत्र्यांच्या रेघांत सोडायचा, धूर, तेल, मातीचे डाग दाखवायचे. फोटोत पाहिलं तर लोक विमान इतकं मळवतात, की जणू दहा वर्षं कुणी फडकं लावलं नाही. जन्मभर घर पुसणाऱ्या बाईचं मत विचाराल तर हे खोटं आहे. विमानं सांभाळणारी माणसं ती पुसतात, घासतात. आमच्याकडे रेघांत जेमतेम रंग सोडला आणि थांबलो. हे विमान ओझरच्या दारातलं आहे, त्याला अजून कुठली माती लागायची आहे.

खर्च लपवत नाही. किट 11,500, कॉम्प्रेसर आणि एअरब्रश 7,200, रंग आणि थिनर 3,400, चकत्या 1,400, किरकोळ 900. एकूण 24,400. अकरा महिन्यांचं काम, म्हणजे महिन्याला 2,200 च्या आसपास. कॉम्प्रेसरचा घसारा धरलेला नाही. किटचे पैसे मुलाचे असले तरी मी धरले, कारण पैसा घरचाच. महाग आहे. ह्यांच्या पेन्शनीत बसलं, दानाच्या वहीतला एक रुपया कमी केला नाही, म्हणून मी बोलले नाही. तसं नसतं तर बोलले असते.

विमान आता गोदरेजच्या कपाटावर आहे. धूळ मी पुसत नाही, मला परवानगी नाही, सुई मोडेल म्हणतात. वन्संना फोटो पाठवला, पोटाची बाजू न दाखवता. त्यांचा फोन आला, "दादाचा हात अजून स्थिर आहे गं." विमानाबद्दल चकार शब्द नाही.

रॉकेटांची चौकट खोक्यात तशीच आहे. फेकून दे म्हटलं तर हे म्हणतात, खोक्याचा भाग आहे, राहू दे. मे महिन्यात नातू येईल. खोका मी माळ्यावर, दिवाळीच्या पणत्यांच्या मागे ठेवला आहे. तो विचारेलच, आणि मग त्याला ओझरच्या गेटाची गोष्ट आजोबांनीच सांगायची, असं आमचं ठरलं आहे.